एकोणतीस अंशांचा नाच

पाळीव प्राण्यांच्या त्या दुकानात न्यूट मागायला गेलेल्या माणसाच्या हातात आधी रिकामी बरणी यायची.

बरणी काचेची, दोन लिटरची. आत दोऱ्याला लटकवलेला थर्मामीटर आणि सोबत एक आखलेला कागद. "घरी जिथे टाकी ठेवणार, तिथे ही पाणी भरून ठेवा," काउंटरवरची बाई सांगायची. "सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ. सात दिवस आकडे लिहा आणि कागद घेऊन या. मग बघू."

"बघू म्हणजे? मी पैसे देतोय की!"

"पैसे तुम्ही मला देणार. मी तुम्हाला जीव देणार. मला माझी बाजू नको का तपासायला?"

गिऱ्हाईक हसायचं. बाई हसत नाही हे कळलं की मग इकडेतिकडे बघायचं, दुकानात दुसरं कोणी शहाणं माणूस आहे का म्हणून. दुसरा माणूस होता, पण तो नेमका त्याच वेळी मागच्या खोलीत मासे मोजायला गेलेला असायचा. तो दुकानाचा मालक आणि बाईचा सख्खा मामा. भाचीच्या शिस्तीचा त्याला अभिमानही होता आणि धाकही, आणि धाकाचं वजन जरा जास्तच होतं.

न्यूट म्हणजे सॅलमँडरच्या कुळातला एक पाण्यात राहणारा प्राणी. बोटभर लांब, पाठ काळी, पोट भडक लाल. लोकांना तो पाल वाटायचा. गिऱ्हाइकानं पाल म्हटलं की त्याचा कागद बाई जरा जास्त बारकाईनं वाचायची. या प्राण्याला थंड पाणी लागतं. वीस अंशांपर्यंत तो खुशाल असतो, बावीसपर्यंत चालवून घेतो. पंचवीसच्या वर पाणी राहिलं की खाणं सोडतो. मग कातडीवर बुरशी येते, मग एक दिवस तो संपतो. रडत नाही, ओरडत नाही, कोणाला चावत नाही. तक्रार केल्याचा एकही पुरावा मागे ठेवत नाही.

"होते हो सवय!" हे वाक्य बाईनं इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की बोलणाऱ्याचे ओठ हलायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. "सवय तुम्हाला होते. तुम्हाला घाम येतो, आणि घाम आला की कुरकुरता येतं. त्याला दोन्ही येत नाही."

बाईनं त्याआधी बारा वर्षं एका शीतगृहात तापमानाची वही लिहिली होती. दर दोन तासांनी प्रत्येक खोलीत जायचं, आकडा बघायचा, लिहायचा, सही करायची. बारा वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती: आकडा खोटा लिहिणं सोपं असतं, पण आकड्यांची अख्खी रांग खोटी लिहिणं फार अवघड. माणूस कुठेतरी आळस करतोच. आसपासचे लोक तिला पाठीमागे "ताप" म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि नाव बरोबर पडलंय असं तिचंही मत होतं.

तर कागद परत आले की बाई चष्मा लावून बसायची आणि पाण्याऐवजी माणूस वाचायची. एका शिक्षकांनी एकवीसच्या एकवीस घरांत "२०" लिहून आणलं. पेन एकच, अक्षर एकच, शेवटी हात दुखल्यामुळे शून्यं जरा वाकडी. "सर, विद्यार्थ्यांनी असा पेपर दिला तर काय करता?" बाईनं विचारलं. सर बरणी ठेवून गेले. एका नव्या जोडप्याच्या कागदावर नवऱ्यानं लिहिलं होतं "२३", त्यावर काट मारून बायकोनं "२६. खरं लिही ना", आणि त्याखाली नवऱ्यानं "तूच पडदा उघडा ठेवतेस". बाईनं त्यांना न्यूट दिला नाही, पण कागद जपून ठेवला. एका बसचालकाचा पहिल्या दिवशीचा आकडा सत्तावीस होता. दुसऱ्या दिवसापासून वीस, एकोणीस, वीस. बाईनं भुवई उंचावली तर तो म्हणाला, "बरणी न्हाणीघरात हलवली. तिथे फरशी गार असते. आता अंघोळ शेजारी करतो." त्याला तिनं त्याच दिवशी तीन न्यूट दिले.

मामा अधूनमधून कण्हायचा. "अगं, लोक चपला घ्यायला गेले तर कोणी त्यांचे पाय आठवडाभर मोजत नाही."

"चप्पल मरत नाही, मामा."

मग मामा पुन्हा मासे मोजायला जायचा. ही पद्धत सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात डब्यांमधून परत आलेले न्यूट त्यानंही पाहिले होते. लोक डबा उघडून विचारायचे, "हा झोपलाय का?"

*

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि त्याच्याबरोबर नळवाले आले.

नळवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या नळ-शॉवर-बेसिनच्या दुकानाचे मालक. शिवाय अख्ख्या इमारतीचे मालक, म्हणजे मामाच्या दुकानाच्या जागेचेही. तीन पायऱ्या उतरून आत यायचं ते दुकान, जाड भिंतींचं, ऊन न लागणारं. नळवाले त्या पायऱ्या अशा उतरायचे की प्रत्येक पायरीला तिचा मालक कळावा.

त्यांनी दुकानाचं आता शोरूम केलं होतं. मधोमध एकाखाली एक पाच बेसिनं, वरच्यातून खालच्यात पडणारं पाणी, आणि सगळ्यात खाली काचेची लांबरुंद टाकी, वरून दिवे. उद्घाटन नऊ दिवसांवर होतं. टाकी रिकामी होती.

"मासे सगळ्यांकडे असतात," नळवाले म्हणाले. "मला काहीतरी हटके पाहिजे. ही जोडी द्या."

त्यांचं बोट ज्या टाकीवर होतं, त्यात बाईनं अंड्यापासून वाढवलेली चार वर्षांची जोडी होती. मामानं त्यांना तात्या आणि काकू अशी नावं ठेवली होती. तात्या एका दगडावर हनुवटी टेकून बसला होता. काकू तळाशी मातीच्या ढेकळासारखी पडली होती.

"जिवंत आहेत ना?" नळवाल्यांनी विचारलं.

"सुखात आहेत," बाई म्हणाली आणि तिनं बरणी काउंटरवर ठेवली.

नळवाल्यांनी बरणीकडे पाहिलं, मग मामाकडे. मामाला अचानक माशांची आठवण झाली.

"ताई, मी या जागेचा मालक आहे."

"माहीत आहे ना, दादा. म्हणून तर नवी बरणी काढली. बाकीच्यांना चिरा गेलेली देते."

नळवाले गडगडून हसले. दिलदार माणूस होते ते, म्हणजे दुसऱ्यानं आपलं ऐकल्यावर दिलदार. बरणी काखेत मारून गेले.

आठव्या दिवशी कागद घेऊन आले तेव्हा निकाल आधीच लागल्यासारखा त्यांचा चेहरा होता. "घ्या. माझं शोरूम बर्फासारखं असतं. एसीच तसला लावलाय."

बाईनं चष्मा लावला.

दुपारचे आणि रात्रीचे आकडे तिरक्या, मोठ्या, घाईच्या अक्षरात होते: २१, २०, २१, २१. ते खरे होते. खोट्या आकड्यांना इतकी घाई नसते. सकाळी आठच्या रांगेतलं अक्षर मात्र वेगळं होतं, बारीक, सरळ, प्रत्येक आकड्यामागे टिंब दिलेलं. २८.५. २८. २९. २९.५. आणि समासात त्याच अक्षरात शेरे होते. "रात्री एसी बंद." "दिवे रात्रभर चालू राहिले." "पाणी हाताला कोमट. दोनदा पाहिलं."

"सकाळचे आकडे कोणी लिहिले?"

"आमचे हिशेबनीस. मी दहाच्या आत उठत नाही. त्याला म्हटलं सकाळचं तेवढं भरून टाक."

"त्यांनी बघून भरलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही 'भरून टाक' म्हणालात आणि त्यांनी थर्मामीटर बघून भरलं. वाचलंत का तुम्ही?"

नळवाल्यांनी कागद ओढून घेतला. त्यांचा हिशेबनीस तीस वर्षं त्यांच्याकडे होता. त्याच्या हातून कधी चुकीची नोंद झाली नाही याचं कौतुक ते चारचौघांत करायचे. त्या कौतुकाचा असा तोटा होईल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बरं, एका वेळचा आकडा जरा जास्त आहे," ते म्हणाले. "बाकी दोन वेळा थंडच आहे ना! सरासरी काढा."

"दादा, तुमचं डोकं भट्टीत आणि पाय बर्फात ठेवले तर सरासरी तुम्ही मजेत असाल."

मागच्या खोलीत मामाच्या हातून जाळी पडल्याचा आवाज आला.

"रात्री एसी चालू ठेवा," बाई म्हणाली. "दिवे काढा. पाणी पाडणारा पंप टाकीच्या बाहेर घ्या, त्याची मोटर पाणी तापवते. पुन्हा सात दिवस लिहून आणा. आकडे बसले तर मी स्वतः जोडी घेऊन येईन."

"उद्घाटन उद्या आहे."

"मग उद्या टाकीत कमळं ठेवा. प्लॅस्टिकची मिळतात, ती काहीही सहन करतात."

नळवाल्यांचा दिलदारपणा तिथे संपला. कागद त्यांनी काउंटरवरच टाकला. "मामांना सांगा, जागेचा करार संपत आलाय. नव्यानं करायचा का नाही ते मलाही बघावं लागेल. सात दिवस." पायऱ्या चढताना त्यांनी एकही पायरी चुकवली नाही.

*

त्या संध्याकाळी मामा आणि भाचीचं जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला दोन माणसांनी बोलावं लागतं. मामा एकटाच बोलत होता.

"बावीस वर्षं आहे मी इथे. अशी गार जागा पुन्हा कुठे मिळणार? तूच सांग, तुझे सगळे न्यूट कुठे ठेवशील? दोघांसाठी चाळीस जणांना रस्त्यावर आणशील? आणि तो मघाशी फोनवर म्हणाला, तीन दिवस उद्घाटनापुरते ठेवतो. तीन दिवसांत काय होतंय? माणूसच आहे तो, राक्षस नाही. ऐकतेस ना?"

बाई टाक्यांवरचे पंखे तपासत होती. पाण्यावरून वारा गेला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. रोज थोडं आटतं, ते रोज भरायचं. तिनं शेवटची टाकी भरली, हात धुतले आणि म्हणाली, "मामा, हे चाळीस जण इथे का आहेत? कारण आपण बरणी देतो. एकाला बरणीशिवाय दिलं की उद्या शिक्षक येऊन विचारतील, त्यांना का आणि मला का नाही. मग मी काय सांगू? ते जागेचे मालक होते म्हणून?"

"हो! तेच सांग! सगळ्यांना कळतं ते!"

"मला नाही कळत. मला सात वाजता यांच्या खाण्याची गांडुळं आणायला जायचंय. कुलूप तू लाव."

ती गेली, आणि कुलूप मामानं लावलं. पण त्याआधी काय झालं ते तिला सकाळीच कळलं.

सकाळी साडेदहाला ती तीन पायऱ्या उतरली आणि रोजच्या सवयीनं पहिल्या टाकीत बघितलं. दगड होता. तात्या नव्हता. काकूही नव्हती. मामा काउंटरमागे बसून कालचं वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होता.

"रात्रभर एसी चालू ठेवतो म्हणाला," तो वर न बघता म्हणाला. "शप्पथ घेतली त्यानं. दिवेही काढतो म्हणाला."

बाईनं त्या टाकीवरचा पंखा बंद केला. मामाला ते सगळ्यात वाईट वाटलं. तिनं तोंड सोडलं असतं तर त्याला निदान रागावता आलं असतं.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. पलीकडून सावकाश, जपून बोलणारा आवाज आला. "बाई, मी शोरूममधून हिशेबनीस बोलतोय. बरणीवाले आकडे मीच लिहिले होते. मी आत्ता टाकीतला आकडा पाहिला. एकोणतीस. दोनदा पाहिला. आणखी एक. तुमचे प्राणी नाचतायत असं आमचे मालक म्हणतात. मला त्यातलं कळत नाही, पण मला तो नाच बरा वाटला नाही. एवढं कळवायचं होतं."

"तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून फोन केलात?"

"कोणाच्याच नाही," आवाज म्हणाला. "नोंद चुकीची राहू नये म्हणून."

बाईनं टोपण असलेला प्लॅस्टिकचा डबा घेतला, तळाशी ओलं फडकं घातलं, आणि निघाली. मामानं हाक मारली. "अगं, थांब! तिथे माणसं असतील!" ती थांबली नाही. मग मामाही उठला. चप्पल त्याला रस्त्यात घालावी लागली.

*

शोरूमच्या दारात लाल फीत कापून झाली होती. तिचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना लोंबत होते. आत तीस-चाळीस माणसं, हातात थंड पेयांचे ग्लास, प्रत्येकजण कुठल्यातरी नळाचं कौतुक करत होता. एसी आता जोरात सुरू होता. हवा छान गार. पण पाणी हवेइतकं चटकन मन बदलत नाही. रात्रभर दिव्यांखाली तापलेली ती टाकी अजून कोमटच होती.

टाकीभोवती गर्दी होती आणि गर्दीच्या मधोमध नळवाले.

"बघा, बघा! काल त्या अंधाऱ्या दुकानात नुसते पडून होते दोघे. मला वाटलं मेलेत! इथे आणल्यापासून बघा कसे चपळ झाले. जागेचा गुण असतो हो!"

तात्या काचेवर पुढचे पाय टेकून वर चढत होता. अर्धा पाण्याबाहेर येत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता. काकू वर येऊन तोंड उघडत होती, खाली जात होती, लगेच परत वर.

"किती गोड!" एक बाई म्हणाल्या. "ती आपल्याला भेटायला येते का वर?"

"ती श्वास घ्यायला येते," मागून आवाज आला. "कोमट पाण्यात तिला हवा पुरत नाही. आणि तो खेळत नाहीये. त्याला बाहेर पडायचंय."

गर्दी वळली. घामेजलेली, साध्या कपड्यांतली एक बाई डब्याचं टोपण काढत होती. तिच्यामागे एक धापा टाकणारा मामा, एका पायात चप्पल उलटी.

"अहो ताई," नळवाले हसत म्हणाले, पण हसू फक्त दातांत होतं. "या, या. पाहुण्यांना सांगत होतो तुमच्याबद्दल. प्यायला घ्या काहीतरी गार."

"गार त्यांना पाहिजे. हात घाला पाण्यात."

"काय?"

"पाण्यात हात घाला, दादा. सगळ्यांसमोर. मी म्हणते ते खोटं असेल तर मी डबा बंद करून जाते."

तीस-चाळीस माणसं बघत असताना स्वतःच्याच टाकीत हात घालायला कोण नाही म्हणेल? नळवाल्यांनी बाही वर करून हात बुडवला. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण हात लगेच बाहेर आला.

"साधंच आहे पाणी. ना गरम, ना गार."

"तुम्हाला. कारण तुमचं अंग आतून तापलेलंच असतं. त्याचं अंग म्हणजे हेच पाणी. पाणी एकोणतीस, तर तो एकोणतीस. रात्रभर तुम्ही त्याला ताप चढवलात आणि आता लोकांना बोलावून दाखवताय."

कोणाचातरी ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. हिशेबनीस कोपऱ्यात उभा होता, हातात वही, नजर जमिनीकडे.

बाईनं तळवा ओला केला, पाण्यात घातला. काकू तिच्या हातात आली, जणू वाटच बघत होती. खरं तर वाट बघण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं म्हणून आली. तात्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

नळवाल्यांनी तिच्या अगदी जवळ येऊन, ओठ न हलवता म्हटलं, "काल मामांनी मला दिलेत हे. माझे आहेत. नेलेत तर जागा सोडायची. आजच नोटीस देतो."

बाईनं मामाकडे पाहिलं. मामानं इकडेतिकडे पाहिलं. पण या शोरूममध्ये मागची खोली नव्हती आणि मोजायला मासे नव्हते.

"मी दिले होते," मामा मोठ्यानं म्हणाला. इतका मोठा आवाज त्याचा त्यालाही नवीन होता. "चुकलं माझं. बरणी न देता दिले. बरणी न देता आमच्याकडे कोणालाच मिळत नाही, साहेब, तर तुम्हालाही नाही. नोटीस पाठवा. टोपण लाव गं, ऊन लागेल बाहेर."

तिनं टाकीतलंच थोडं पाणी डब्यात घेतलं आणि टोपण लावलं. माणसं बाजूला झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नळ बघायला आलेली माणसं होती ती, पुन्हा नळ बघू लागली. टाकीभोवती मात्र कोणी थांबलं नाही.

*

दुकानात आल्यावर मामा धावत फ्रीजकडे गेला. "बर्फ टाकू?"

"खबरदार! मारायचंय का त्यांना?"

"अगं पण एकोणतीस..."

"एकोणतीसवरून वीसवर एका उडीत आणलं तर जे त्या टाकीनं करायचं राहिलं ते तू करशील. तासाला दोन अंश. जास्त नाही."

मग ती तिथेच फरशीवर बसली. डब्यात थर्मामीटर, शेजारी गार पाण्याचं भांडं, हातात लहान वाटी. दर काही मिनिटांनी अर्धी वाटी पाणी आत, अर्धी बाहेर. समोर वही. साडेअकरा: २८.५. बारा: २७.५. मामानं दुकानाचं दार लावून घेतलं आणि आल्या गिऱ्हाइकाला काचेतूनच हातानं नाही म्हणायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते जमत होतं.

तात्या डब्याच्या भिंतीला धडका देत होता. काकू एका कुशीवर कलली होती. बाई तिच्या घशाकडे बघत होती. घसा हलतोय तोवर आशा.

दोन वाजता पारा चोवीसच्या खाली आला. तात्या थांबला.

तीन वाजता दारावर टकटक झाली. काचेबाहेर नळवाले स्वतः उभे होते. कपाळावरून घाम गळत होता, हातात लिफाफा. उन्हाची तिरीप नेमकी त्या पायऱ्यांवर यायची वेळ होती ती.

"दार उघडा! नोटीस द्यायची आहे!"

"आत्ता नाही," बाई आतूनच म्हणाली. "दार उघडलं की गरम हवा आत येते. अजून दोन अंश बाकी आहेत."

"मी इथे उन्हात उभा आहे!"

"सवय होते, दादा."

मामा तोंडावर पेपर धरून हसला. आता तो सरळ धरला होता.

नळवाले गेले नाहीत. जाणं म्हणजे हार झाली असती. ते पायरीवर उभे राहिले, मग टेकले, मग लिफाफ्यानं वारा घेऊ लागले. आत बाई अर्धी वाटी घालत होती, अर्धी काढत होती. चार वाजून दहा मिनिटांनी तिनं वहीत वीस लिहिलं. काकू सरळ झाली होती. डोळे उघडे, घसा संथ. बाईनं दोघांना त्यांच्या टाकीत सोडलं. तात्यानं दगड शोधला आणि हनुवटी टेकली. काकू तळाशी जाऊन बसली आणि मग अजिबात हलली नाही.

तेव्हा कुठे बाईनं उठून दार उघडलं. पाय आखडले होते, पण ते तिनं नळवाल्यांना दिसू दिलं नाही.

"द्या."

नळवाल्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. त्यांनी लिफाफा पुढे केला, आणि नको असतानाही त्यांची नजर टाकीकडे गेली. "मेले?"

"नाही. आता बरे आहेत."

तिनं पत्र उभ्याउभ्या वाचलं. तीस दिवसांत जागा रिकामी करून द्यावी. खाली सही, तारीख, सगळं रीतसर. अक्षर बारीक, सरळ.

"तीस दिवस म्हणजे ऐन उन्हाच्या कडाक्यात," ती म्हणाली.

"असेल. मग?"

"उन्हाळ्यात मी टाक्या हलवत नाही. या चाळीस जणांना उन्हातून कुठे नेऊ? थंडी पडली की या. तेव्हा बोलू."

"थंडी? अजून सहा महिने आहेत थंडीला!"

"मला माहीत आहे. मी रोज आकडे लिहिते."

"ही जागा माझी आहे!" नळवाल्यांचा आवाज तीन पायऱ्या चढून रस्त्यावर गेला. "मी कोर्टात जाईन! उद्याच जाईन!"

"जरूर जा," बाई दार लावता लावता म्हणाली. "फक्त सकाळी लवकर जा, दादा. दुपारी ऊन सोसायचं नाही तुम्हाला."